सात दसऱ्यांचे पाणी

मी एक जुना हवेचा कंप्रेसर आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी माणसांना वैतागलेलो आहे. माझ्या पोटात पाणी साचत होते आणि ते काढा, काढा म्हणून मी वर्षानुवर्षे घसा फोडला. कोणी ऐकले नाही. ऐकणार तरी कसे? ज्या तोंडाने ओरडायचे त्या तोंडावरच माझ्या मालकाने रंग फासून ठेवला होता. पण ते पुढे येईलच.

माझा जन्म नागपुरात, जुनी शुक्रवारी नावाच्या वस्तीत, एकोणीसशे सत्तर सालच्या उन्हाळ्यात झाला. जन्म आपला म्हणायचा, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा धडधडलो. एरवी माझा एकेक अवयव आधीच कुठे ना कुठे राबून आलेला होता. माझे डोके, म्हणजे हवा दाबणारा पंप, उमरेडकडून कोळसा आणणाऱ्या एका ट्रकच्या ब्रेकचे. माझी मोटर काटोलच्या एका पिठाच्या चक्कीतली. पहिले कित्येक दिवस ती सुरू झाली की तिच्यातून ज्वारीचे पीठ उडायचे. आणि माझे पोट, म्हणजे दाबलेली हवा साठवायची टाकी, बंद पडलेल्या एका बर्फाच्या कारखान्यातले. ती टाकी आधी किती वर्षे वापरली होती, कारखान्याने ती का टाकून दिली, हे भंगार विकणाऱ्या कबाड्याला कोणी विचारले नाही. रुपरावांनी तिच्यावर हातोडी मारून पाहिली, टण्ण आवाज आला, आणि ते म्हणाले, "लय मजबूत हाय!" झाली तपासणी.

रुपराव माझे मालक. मालक कसले, बापच. पूर्वी ते एका कापडगिरणीत फिटर होते. मग नोकरी सोडून घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये कूलर बनवू लागले. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे ज्याने भोगले त्याला कूलरची किंमत सांगायला नको. संक्रांत झाली की शेडमध्ये पत्रा कापण्याचा आवाज सुरू व्हायचा तो थेट जूनपर्यंत. रुपरावांचा हात असा की चौकटीचा कोपरा काटकोन तपासायच्या गुण्याला लावून पाहावा, केसभर फरक सापडायचा नाही. फक्त रंग मात्र ब्रशाने द्यावा लागे आणि ब्रशाचे ओरखडे लांबून दिसत. सदर भागातले दुकानदार भैयाजी त्यांचे सगळे कूलर घेत. ते दर मोसमात कुरकुरत, "रुपरावजी, कूलर तो एक नंबर. पर हा रंग आहे का सारवण?"

फवाऱ्याने रंग मारायचा तर दाबलेली हवा पाहिजे, आणि दाबलेली हवा पाहिजे तर कंप्रेसर पाहिजे. इथेच घरात दोन पक्ष पडले. रुपरावांच्या पत्नी प्रेमलताबाई म्हणत, तयार मशीन विकत आणा. रुपराव म्हणत, मी घरी बनवतो. हा वाद दोन वर्षे चालला, मित्रांनो, आणि तो मी सुटा सुटा पडलेला असताना, डोके एका कोपऱ्यात आणि पोट दुसऱ्या कोपऱ्यात, संपूर्ण ऐकलेला आहे.

एकदा तर प्रेमलताबाई नवी साडी नेसून त्यांना रिक्षात घालून सदरला घेऊनही गेल्या होत्या. भैयाजींच्या दुकानात एक हिरवागार कंप्रेसर ठेवलेला होता. तिथे काय घडले ते मला पुढच्या भांडणांतून कळले, कारण प्रत्येक भांडणात ते एकदा तरी उगाळले जायचे. भैयाजींनी त्या मशीनच्या पोटाखालचा एक छोटा पितळी नळ दाखवला आणि सांगितले, "रोज संध्याकाळी ह्याचं पाणी काढायचं. दो उंगली से खुलतो." त्यावर रुपराव दुकानात मोठ्याने हसले.

"हवेच्या मशीनले नळ! काहून गा, घागर भराची हाय का?"

आणि ते तसेच परत आले. प्रेमलताबाई आठ दिवस बोलल्या नाहीत.

"इकतचा तं कोनीबी आनते," रुपराव माझ्या डोक्याच्या झडपा काचेवर घासत म्हणायचे. "मले काय हात नाहीत?"

"हात हायत ना," प्रेमलताबाई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या. "मान्साले कान बी असा लागतात."

खरे सांगू का? मला दोघांचाही राग यायचा. एकाला विकत घेणे म्हणजे नाक कापून घेणे वाटत होते. दुसरीला माझ्याकडे बघायचेच नव्हते. येता-जाता माझ्या पोटावर ओले फडके वाळत घालायची. पण हेही सांगतो, की रुपरावांनी मला ज्या मायेने जोडले त्या मायेने कोणत्या कारखान्यात काही जोडत असतील असे मला वाटत नाही. त्यांनी माझी एकेक रिंग तेलात बुडवून, फुंकर मारून बसवली. बसवताना ते माझ्याशी बोलत असत. "आता थोडा दम धर, राजा," असे मला आजवर दुसऱ्या कोणी म्हटलेले नाही.

शेजारी बापूजी नावाचे म्हातारे गृहस्थ राहत. गिरणीच्या बॉयलरवर त्यांनी तीस वर्षे काढली होती. ते एक दिवस आले आणि त्यांनी एक लहानशी पितळी शिट्टी रुपरावांच्या हातावर ठेवली. तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. पोटात हवा जास्त झाली की ती आपोआप उघडते, फुस्स करून जादा हवा सोडते आणि पुन्हा मिटते.

"हे याचं तोंड हाय, रुपराव," बापूजी म्हणाले. "याले कदी बंद नोको करू."

"नाही बापूजी, कसं करीन?" रुपराव म्हणाले. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

पहिल्यांदा मला सुरू केले तेव्हा बोल्ट आवळायचे राहून गेले होते. मी अंगणभर थडथड उड्या मारत गेलो आणि थेट मोरीत जाऊन थांबलो. प्रेमलताबाई हसून हसून खाली बसल्या. रुपरावांनी मला उचलून आणले, जुन्या रेल्वेच्या दोन लाकडी स्लीपरांवर घट्ट बसवले आणि पोटावर लाल अक्षरांत लिहिले: रुपराव इंजिनिअरिंग. त्या संध्याकाळी पहिला कूलर फवाऱ्याने रंगवून निघाला. आकाशी रंग, आरशासारखा गुळगुळीत. प्रेमलताबाई तो बघायला बाहेर आल्या. जाताना त्यांनी आपले फडके माझ्यावरून उचलले.

ती माझी कौतुकाची वर्षे. भैयाजी स्वतः बघायला आले, गल्लीतले लोक आले. रुपरावांनी माझ्याशेजारी तेलाचा एक रिकामा डबा उपडा ठेवला होता. चहाची वेळ झाली की ते त्या डब्यावर बसत, पाठ माझ्या पोटाला टेकवत आणि बशीतून चहा पीत. थंडीच्या दिवसांत मी काम करून कोमट झालेलो असे. ते म्हणत, "शेक बरा लागते." मलाही बरे वाटायचे. ही जागा लक्षात ठेवा, मित्रांनो.

आता माझ्या वैतागाकडे येतो.

हवेतही पाणी असते. ती दाबून टाकीत भरली की हे पाणी सुटे होऊन तळाशी उतरते. रोज थोडेसेच, वाटीभर. पण ते रोज काढले नाही तर लोखंडाला आतून गंज चढतो. माझ्या पोटाखाली पाणी काढायला एक लोखंडी बूच होते. ते उघडायला जमिनीवर उताणे झोपून, पाना घेऊन, हात आत घालावा लागे. पहिला महिना रुपरावांनी ते रोज केले. मग आठवड्याला. मग त्यांचे गुडघे दुखू लागले. मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. तुमच्याकडेही असेल. रुपरावांचा उत्साह विचारू नका. त्यांनी मला धुतले, पुसले आणि डोक्यापासून पायापर्यंत नवा तेलरंग दिला, लाल अक्षरे वरून पुन्हा काढली. झेंडूचे तोरण बांधले. प्रेमलताबाईंनी हळदीकुंकू आणले, आणि मशीनचे कपाळ कोणते म्हणाल तर समोरची गोल काच, म्हणून कुंकवाचा ठसठशीत टिळा काचेवर लावला. त्या काचेच्या आत माझ्या पोटातला दाब दाखवणारा काटा होता! पूजेचे कुंकू पुसायचे नाही, म्हणून कोणी ते पुसलेही नाही.

दुसऱ्या दसऱ्याला दुसरा थर. खालच्या बुचावर रंग, वरच्या शिट्टीवर रंग. तिसऱ्या दसऱ्यानंतर माझी शिट्टी पुरती चिकटली. मी दाबून पाहिले, मित्रांनो, जीव खाऊन दाबले, पण तोंड उघडेना. आणि रुपरावांना काय वाटले असेल? ते भैयाजींना कौतुकाने सांगू लागले, "पह्यले लय फुसफुस करे. आता पाहा कसं वळण लागलं त्याले!"

वळण! डोके आपटून घ्यावेसे वाटले, पण तेही बोल्टने आवळलेले.

मशीन बंद केव्हा करायचे हे ते आता काट्यावरून नाही, माझ्या आवाजावरून ठरवत. बहुतेक वेळा ते बरोबरही असे, कारण त्यांचा कान तयार होता. पण कूलरच्या रंगावर फोड येऊ लागले. फवाऱ्यातून हवेबरोबर पाण्याचे थेंब उडत होते, दुसरे काय! रुपरावांनी आधी रंगाच्या दुकानदाराला दोष दिला. मग हवामानाला. मग प्रेमलताबाई शेजारी कपडे धुतात त्याला. माझ्यावर मात्र कधी आळ आला नाही. आला असता तर किती बरे झाले असते! प्रेमाने माणूस इतका आंधळा होतो आणि त्याचा त्रास आम्ही यंत्रांनी सोसायचा.

सात दसरे झाले. बाहेरून माझ्यावर रंगाचे सात थर, लखलखीत. आतून पत्रा पातळ होत चाललेला. खालच्या कडेला, त्या तेलाच्या डब्याच्या बरोबर समोर, तो सर्वांत पातळ झाला होता. मला ते ठाऊक होते. दुसऱ्या कोणाला नव्हते. रोज दुपारी रुपराव तिथे पाठ टेकवून बसत आणि मी भीतीने गार होत असे. ज्याने मला राजा म्हटले त्याचा जीव माझ्याच हातून जाणार, हे कळत असून तोंड उघडता येत नाही, यापेक्षा वाईट काय असेल?

सत्त्याहत्तर सालचा एप्रिल. भैयाजींचे नऊ कूलर रंगायचे राहिले होते आणि ते निरोपावर निरोप धाडत होते. दुपारी जेवणाआधी रुपरावांनी माझी मोटर लावली, चहाची बशी घेतली आणि डब्यावर बसले. मी भरत गेलो. भरून झाले तरी मोटर चालूच. रुपरावांचे लक्ष वर्तमानपत्रात. त्यांचा तो तयार कान त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे!

आत स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. एक. मग दुसरी. मग तिसरी. आणि प्रेमलताबाई पळी हातात घेऊन दारात आल्या. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"ऐका ना. याची शिट्टी काहून नाही वाजून राहिली?"

"शांत झालं ते आता. किती वर्सं झाली," रुपराव वर न बघता म्हणाले.

"आन् माहा कुकर शांत झाला तं मी काय म्हनीन? वळण लागलं म्हनीन का?"

रुपराव हसले. प्रेमलताबाई हसल्या नाहीत. त्या सरळ पुढे आल्या आणि त्यांनी भिंतीवरचा खटका खाली ओढला. मोटर थांबली.

"अवं, भरू दे ना त्याले! काम हाय!"

"तुमी पह्यले तिथून उठा."

"काहून?"

"उठा म्हटलं ना!"

सात वर्षांत त्या घरात एवढा मोठा आवाज माझाही निघाला नव्हता. रुपराव उठले. प्रेमलताबाई तशाच पळी घेऊन बापूजींकडे गेल्या आणि त्यांना घेऊनच परतल्या.

बापूजींनी आधी माझ्या काचेवरचे कुंकू अंगठ्याच्या नखाने खरवडले. आत काटा धोक्याच्या तांबड्या रेषेच्या कितीतरी पलीकडे गेला होता. त्यांनी दोघांना लांब उभे केले, फवाऱ्याची लांब नळी धरली आणि माझी हवा सावकाश सोडली. मग खालच्या बुचावरचा रंग छिन्नीने तोडला आणि बूच उघडले. चहाच्या रंगाचे पाणी आले. एक बादली भरली, दुसरी लावावी लागली. पाण्याबरोबर गंजाच्या खपल्या होत्या, बोटाएवढ्या.

"रुपराव, हे पोट गेलं गा," बापूजी म्हणाले.

रुपरावांचा चेहरा लाल झाला. "असं कसं गेलं? सात वर्सांत थेंब गळला नाही! माह्या हातचं काम हाय ते!"

"हात तुहा चांगलाच हाय. टाकी तू नाही बनवली ना बाप्पा."

"मंग तपासून दाखवा!"

"दाखवतो. पान्यानं तपासू. पानी भरून दाब देल्ला आन् फाटली, तं पानी सांडते. हवेनं फाटली, तं मानूस जाते."

रुपरावांनी अट घातली: टाकी टिकली, तर घरात विकतच्या मशीनचे नाव पुन्हा काढायचे नाही. प्रेमलताबाई म्हणाल्या, "कबूल." आणि स्वतः पाणी ओतायला लागल्या. आधी मी हवा भरायचो, आज बादलीमागून बादली पाणी पीत होतो. काठोकाठ भरलो. बापूजींनी पाण्याला दाब द्यायचा हातपंप जोडला, काचेवरचे उरलेले कुंकू पुसले आणि पंपाचा दांडा रुपरावांच्याच हातात दिला.

"मार तू."

रुपराव दांडा मारू लागले. काटा हलला, चढला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत चालले. आणखी दोन दांडे मारले. रोज ते माझ्याकडून जेवढ्या दाबावर काम घेत, तिथवरही काटा पोचला नव्हता. आणि मघाच्या जादा हवेने आधीच चिरत आलेले माझे पोट खालच्या कडेला फाटले.

मोठा आवाज झाला नाही. फर्र झाले, बस. रंगाचे सातही थर एकदम उलले आणि पाण्याची एक जाड धार समोरच्या तेलाच्या डब्यावर बसली. डबा ढण्ण वाजला, उलटला आणि घरंगळत मोरीपर्यंत गेला. मित्रांनो, नापास होऊन आनंद झालेला मी जगातला एकटाच कंप्रेसर असेन. इतकी वर्षे जी भीती पोटात धरून बसलो होतो ती त्या पाण्याबरोबर वाहून गेली.

रुपरावांनी दांडा सोडला. मग मोरीपाशी गेले, डबा उचलला, त्याला पडलेला खोलगट चेपा बोटांनी चाचपला. तो चेपा पाण्याने पाडला होता. हवेने काय केले असते हे फिटरला सांगावे लागत नाही.

"मी काई नाही म्हनत," प्रेमलताबाई हळूच म्हणाल्या.

"म्हन ना वं," रुपराव डबा हातात धरूनच म्हणाले. "आज म्हन."

प्रेमलताबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "भात झाला. जेवाले चाला."

भैयाजींना नऊ कूलर त्या मोसमात ब्रशाने रंगवलेलेच मिळाले आणि ते भरपूर कुरकुरले. पावसाळ्यात रुपराव आणि प्रेमलताबाई दोघे सदरला गेले आणि फक्त टाकी विकत घेऊन आले. कारखान्यात पाण्याने तपासलेली, वर नवी शिट्टी, खाली दोन बोटांनी उघडणारा पितळी नळ. डोके आणि मोटर मात्र माझीच राहिली. म्हणजे आता मी अर्धा घरचा आणि अर्धा विकतचा आहे. दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असे गृहीत धरले आहे आणि मी त्या वादात पडत नाही. आधीच काय कमी सोसले आहे!

आठव्या दसऱ्याला रुपराव सवयीने रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्यापुढे आले. मी धसकलो. त्यांची नजर शिट्टीवर गेली. मग त्यांनी डबा खाली ठेवला, वाकून नळ उघडला, वाटीभर पाणी काढले, शिट्टीची कडी ओढून फुस्स आवाज ऐकला, आणि फडक्याने मला नुसते पुसले. प्रेमलताबाईंनी कुंकू मोटरला लावले, काचेला नाही. इतकी चांगली पूजा माझी कधीच झाली नव्हती.

म्हणून मित्रांनो, वस्तू घरी बनवा किंवा विकत आणा, मला त्याचे काही नाही. पण तिला वर्षातून एकदा हार घालून मोकळे होऊ नका. तिचे रोजचे पाणी रोज काढा. आणि ती फुसफुसली, कुरकुरली, तर तिला वळण लावायला जाऊ नका, आधी ऐका ती काय सांगते ते.

माझे जुने पोट रुपरावांनी कबाड्याला दिले नाही. शेडच्या दाराशी ते उभे आहे, लाल अक्षरे तशीच आहेत आणि फाटलेल्या कडेपुढे तो चेपलेला डबा. आजही कोणी ना कोणी येतो आणि म्हणतो, "रुपरावजी, मी बी कबाडातून टाकी आणून घरीच कंप्रेसर बनवतो म्हणतो." रुपराव त्याला त्याच डब्यावर बसवतात, आरामात पाठ टेकवायला सांगतात आणि चहा मागवतात. चहा संपेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात.

मग म्हणतात, "आता पाठीमांगं वळून पाहा गा."